या वर्षीची रजा माझी

१३ एप्रिल ८६, रविवार

गिरगावकर आत्ता गेले. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता. काडीने ओढून काढला, शिसारी आली. मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची तिन्ही मुलं. सकाळच्या बसने आले, खाडीपुलावर उतरून वारा खाल्ला आणि मग इथे येऊन सगळ्यांनी दोन-दोनदा अंघोळी केल्या. त्यांच्या चाळीत नळ पहाटेच जातो, इथे दिवसभर पाणी. म्हणून आमची वाशी म्हणजे त्यांचं माथेरान.

निघताना जाऊबाई म्हणाल्या, "काय गं हवा तुमच्याकडे! मोकळं मोकळं वाटतं." तेवढ्यात पावणे गावच्या कारखान्यांकडून केमिकलचा भपकारा आला. तोही कौतुकाने हुंगला बाईने.

मे जवळ आला.

१५ एप्रिल

ठरवलं. लिहूनच ठेवते, म्हणजे माघार नाही. या मे महिन्यात मी घरात नसणार.

लग्न झाल्यापासून एकही मे माझा नाही. वर्षभर फॅक्टरीत टायपिंग करून रजा साठवायची आणि ती पाहुण्यांच्या पोळ्या लाटण्यात घालवायची. गेल्या वर्षी गिरगावकर आणि वर ताईवन्सं, म्हणजे नणंदबाई, त्यांचा पप्पू. महिनाभर ठाण मांडून. शेवटी एकदा संडासात जाऊन रडले, तर बाहेरून ताईवन्संनी दार वाजवलं, "वहिनी, आटपा, पप्पूला लागलीय." आठवलं तरी किळस येते. पप्पूची नाही. माझी. कारण मी डोळे पुसून लगेच बाहेर आले.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ या की. कुठे?" आंजर्ले. ह्यांच्या ऑफिसातले एक जण जाऊन आलेत, घरगुती सोय आहे, समुद्र जवळ, जेवणाचं ताट समोर येतं. अट एकच, गिरगावात अवाक्षर काढायचं नाही. हे "बरं" म्हणाले. ह्यांचं "बरं" सगळ्यांनाच मिळतं, तीच तर भीती.

१७ एप्रिल

रजा मागितली. साहेब म्हणतात, "मई में? घर में मेहमान आ रहे हैं क्या?" म्हणजे ऑफिसलाही पाठ झालंय. म्हटलं, "नहीं साब, इस बार मैं मेहमान हूँ." त्यांना काही कळलं नाही, पण सही केली.

२० एप्रिल, रवि.

पनवेलहून एस.टी.चं रिझर्व्हेशन झालं. मंजू उड्या मारत होती. दहा वर्षांची घोडी, पण समुद्र फक्त ह्या खाडीचा पाहिलाय, चिखलाचा.

मासिकात लेख आलाय, सहल विनाकटकट कशी करावी. सामान कमी घ्या. औषधं वेगळ्या डबीत. आणि "परतल्यावर प्रसन्न वाटावे म्हणून घर लखलखीत करून मगच निघावे." लिहिणाऱ्या बाईच्या घरी तीन मोलकरणी असणार. तरी ऐकलं तिचं. डबे घासले, फडताळाचे कागद बदलले, गाद्यांना ऊन दाखवलं. कंबर मोडली. सुट्टीसाठी आधी एवढं मरायचं?

२६ एप्रिल

सारसोळ्याची हिराबाई कोळंबी घेऊन आली. तिला म्हटलं, पुढच्या महिन्यात आठवडाभर येऊ नको, आम्ही नाही. पाटी डोक्यावर चढवता चढवता म्हणाली, "बरा हाय बाय, जावा तुमी. दरसाल मे मयन्यान पार वालून जाताव."

वाळून जाते हे मासेवालीला दिसतं. बाकी कोणाला दिसलं नाही आजपर्यंत.

२७ एप्रिल, रवि.

घात झाला.

हे गिरगावात गेले होते, भाऊजींना बरं नव्हतं म्हणून. परत आले ते बूट न काढता खुर्चीवर बसले. तेव्हाच ओळखलं.

"काय बोललात?"

"काही नाही गं. निघताना म्हटलं, या की मे महिन्यात. म्हणतोच ना आपण."

"आपण इथे नसताना?"

"तसं म्हणतात. तोंडात आलं. वहिनी दारापर्यंत आल्या होत्या, नुसतं येतो म्हणून कसं निघायचं?"

त्यांनी लगेच तारीख सांगितली. मग ह्यांना आंजर्ल्याचं सांगावं लागलं. तर जाऊबाई म्हणाल्या, "मग तर उत्तमच. बंद घर बरं नाही. आम्ही येतो राखायला." आणि हे काय म्हणाले असतील? "बरं."

दारात उभं राहून "या हं" म्हणायची ह्या घराण्याला खोडच आहे. वैऱ्यालाही म्हणतील. पण समोरच्याने "बघू, जमलं तर" म्हणायचं असतं, ती अर्धी बाजू जाऊबाईंनी कधी पाळलीच नाही.

३० एप्रिल

तीन दिवस बोलले नाही. हे मात्र खुशीत आहेत. "उलट टेन्शन मिटलं. हल्ली ह्या बाजूला बंद घरं फोडतात." मग हळूच, "आपण चार दिवस पुढे ढकलू या का? त्यांचं जरा बस्तान बसवून निघू."

बस्तान! म्हटलं, तुम्ही बसा बस्तान बसवत, मी आणि मंजू जातो.

शेजारच्या देशमुखांच्या फोनवर जाऊबाईंचा निरोप, "तांदूळ, डाळ भरलीय ना? आम्ही कुठे उचलून आणणार?" देशमुखवहिनींनी निरोप सांगितला आणि माझ्याकडे बघून नुसत्या उभ्या राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मी काय केलं? वाण्याकडे गेले. तांदूळ आणले, डाळ आणली, डबे भरले. स्वतःचाच संताप येतो.

३ मे, शनिवार

आमची बॅग दारात आणि ते आत. पेट्या, वळकट्या, पप्पूसकट ताईवन्संही. ताईवन्सं येणार हे कोणी बोललं नव्हतं. जाऊबाईंनी घरभर नजर फिरवली. "लख्ख ठेवलंयस गं! आम्ही येणार म्हणून एवढं कशाला करायचं?"

मी कपाटाला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. हे पुटपुटले, "दादाला काय वाटेल?" वाटू दे.

पायरी उतरतेय तर मागून, "अगं, दूध कुठून आणता? आणि कचऱ्याची बाई किती वाजता?" मंजू माझा हात ओढत होती. उत्तर ह्यांनी दिलं. सविस्तर.

५ मे, आंजर्ले

रात्रीच्या एस.टी.ने निघून काल तरीतून खाडी ओलांडून आलो. घर साधं, शेणाने सारवलेलं अंगण, मागे माड. खानावळीच्या बाईंनी ताट वाढलं. भात, आमटी, सांडगी मिरची, आंब्याची फोड. जेवण झालं आणि मी सवयीने ताटं गोळा करायला लागले. बाई वस्सकन ओरडल्या, "ठेवा ती! पैसे दिलेत ना? मग बसा."

बसले. हात कुठे ठेवायचे कळेना. पदराशी चाळा करत राहिले. बाई बिचारी सकाळपासून चुलीपाशी, आमच्याखेरीज दोन कुटुंबं आहेत. आधी तिची दया आली. मग वाटलं, दया कसली, हिला पैसे मिळतात, आणि येत्या रविवारी सगळे जातात. हिला "या हं" म्हणावं लागत नाही.

मंजू म्हणाली, "आई, तू नुसती बसलेली कशी दिसतेस!" कशी ते विचारलं नाही.

७ मे

सकाळी समुद्रावर. गुडघाभर पाण्यात गेले. साडी भिजली, भिजू दिली. वाळू पायाखालून सरकते तेव्हा गुदगुल्या होतात. एकटीच हसले. खूप बरं वाटलं. हे असंच लिहून ठेवते, पुढे खोटं वाटायला नको.

दुपारी हे पोस्टात जाऊन देशमुखांकडे ट्रंक कॉल करून आले. कोणी सांगितलं होतं? बातम्या: गॅस संपला. पप्पूने मोरीत साबण घातला, पाणी तुंबलं. जाऊबाई विचारतात, पापड कुठे ठेवलेत आणि कपाटाची दुसरी किल्ली आहे का. येताना आंबे आणा.

हे चेहरा पाडून, "बिचाऱ्यांची गैरसोय होतेय गं. एक दिवस आधी निघू या?"

गैरसोय. माझ्या घरात, माझ्या डब्यातलं खाऊन, त्यांची गैरसोय. सोलकढीला उगाच कडू चव लागली. म्हटलं, "तुम्ही निघा. मी मुक्काम पुरा करणार."

८ मे

हे गेले नाहीत. पण समुद्राकडे पाठ करून बसतात.

विचारलं मी, "तुम्हाला खरंच दिसत नाही?" म्हणाले, "काय?" राग आला असता तर परवडलं असतं. त्यांना खरंच दिसत नाही. इतकी वर्षं ताट समोर येत गेलं, ते कुठून येतं ते...

जाऊ दे. मंजूला शिंपले सापडले.

१० मे, शनि.

उद्या परत. कपडे बांधताना एकाच साडीची तीनदा घडी घातली. सुट्टीहून घरी जाताना माणसाला असं होतं का? माझी रजा मंगळवारपर्यंत आहे. ते दोन दिवस घर आवरायला ठेवले होते. ठेवले होते, म्हणजे मीच. कोणी मागितले नव्हते.

११ मे, रवि. वाशी

पहाटेच निघालो होतो. आधी तरीतून खाडी, मग एस.टी., मग रिक्षा. जेवणाची वेळ टळत आली तेव्हा घरी पोचलो. आंब्याची पेटी ह्यांच्या खांद्यावर.

दार उघडं. आत शिरताच वास. ओले टॉवेल खुर्च्यांवर, गाद्या पसरलेल्या, तुळशीच्या कुंडीत सुपारीचा चोथा. ओट्यावर कुकर, तळाला लागलेला कालचा भात, आंबून फसफसलेला.

सगळे हॉलमध्ये बसलेले. हातात कोणाच्या काही नाही. पप्पू रडत होता. "भूक लागलीय त्याला," ताईवन्सं म्हणाल्या. आणि जाऊबाई हसत हसत उठल्या, "आलीस बाई! म्हटलं तुम्ही दुपारपर्यंत येणारच, मग कशाला दोनदा मांडायचं? आल्यावर तू कुकर लावशीलच. वाटच बघत होतो."

म्हणजे हे सगळे उपाशी बसले होते. माझ्यासाठी.

मी चपला काढल्या. पिशवी भिंतीशी ठेवली. पाय स्वयंपाकघराकडे वळले, खरं सांगते, वळले. मग थांबले. दिवाणावरची पप्पूची चड्डी बाजूला केली आणि बसले. म्हटलं, "माझी रजा मंगळवारपर्यंत आहे."

जाऊबाईंना वाटलं, थट्टा. हसल्या. मग हसायच्या थांबल्या. भाऊजींनी पेपर तोंडासमोर धरला. ताईवन्सं पप्पूला म्हणाल्या, "थांब रे, मामी दमलीय, होईल आत्ता."

होईल. कोण करणार ते कोणी बोललं नाही.

पर्समधून वही काढली. हे सगळं तिथेच बसून लिहितेय. सगळे बघतायत, बघू देत. मंजू माझ्याजवळ येऊन बसलीय, चिकटून. तिला भूक लागलीय ते तिच्या पोटातून ऐकू येतं, आणि तेवढं एकच मला पोळतंय.

हे आंब्याची पेटी खाली ठेवून उभे आहेत. जाऊबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आहेत, एक पाय आत.

"अगं," ह्यांचा आवाज, "तांदूळ किती घेऊ?"

जाऊबाई म्हणतात, "तुम्ही कशाला, भावजी? ऊठ गं तू."

मी अजून लिहितेय.