हेमराजचा वर केलेला हात

अश्वजितभाऊ, जयभीम.

तुझा नागपूरहून फोन येऊन राह्यला अन् मी उचलून नाई राह्यली. घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्या माह्या. तुझ्या कबड्डी संघाले डाव्या कोपऱ्यावर माह्या कॉलेजचा हेमराज चालेल का, एवढंच तुले विचाराचं आहे.

चालते. त्यानं घोटा धरला का चढाई करणारा तिथंच आडवा होते. गोंडपिपरीत असा खेळाडू मी पाह्यला नाई.

पण तू पाहाले आला होता त्या मागच्या सामन्यात समोरच्याचं बोट त्याच्या खांद्याले लागलं. पंचाले दिसलं नाई, तरी हा हात वर करून स्वतःच बाहेर गेला. तू माह्यावरच चिडला. "सत्यशीला, हे गावचं मैदान नाई. पंचाले दिसलं नाई तर लागलंच नाई. एवढं शिकव त्याले, मग मी घेतो."

गावात पंच कुठी राह्यते, भाऊ? लागलं का हात वर. मले तर तूच शिकवलं होतं.

आज सरावात मी त्याले शिकवलं. बोट लागलं तसं त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी डोळ्यानंच थांब म्हटलं. तो आत राह्यला, पुढची पकड केली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. झाला तयार, म्हटलं.

सराव संपला, पोरं गेली. मी फाटकाले कुलूप लावाले वळली, तर हा रेषेबाहेर हात वर करून उभा.

"काऊन रे, घरी जा ना."

"मॅडम, तुम्ही अजून बाद दिलं नाई."

फोन पुन्हा वाजून राह्यला.

तुझी,
सत्यशीला