मीटरमागच्या तीन वायरी

अण्णा, त्या दसऱ्याला तुम्ही माझ्या थोबाडीत मारली होतीत, त्याबद्दल लिहिते आहे. हे कुठं पाठवायचं नाही. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, तेव्हा एवढं बोलायला हरकत नसावी. कारखान्याच्या साहेबांची गाडी तुम्ही चालवायचात. सणाची धुवायला म्हणून ती अंबरनाथच्या आपल्या चाळीपुढं आणलीत आणि आईनं साहेबांना न विचारता तिची पूजा उरकली. आईचा हात सढळ. मीटरची काच ढिली होती, अक्षता फटीतून आत गेल्या आणि वेगाचा काटा अडकला. साहेबांना चार वाजता कल्याणला जायचं होतं. "गेली नोकरी," एवढंच तुम्ही म्हणालात.

भर दुपारी गाडीची दारं उघडी टाकून तुम्ही अख्खं मीटरचं पॅनेल काढायला बसता. आधी बॅटरीची वायर सोडवता, मग स्क्रू, मग मागची केबल. पॅनेलमागं तीन वायरी. प्रत्येकीला आईच्या शिवणाचा दोरा बांधून गाठी मारता, एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. मी सतरा वर्षांची आणि अतिशहाणी. तुम्ही ओट्यावर बसून मीटरमधल्या अक्षता काढत होतात, तेवढ्यात मी वायरी पुसल्या आणि दोरे कापून टाकले. एक तांबडी, एक हिरवी, एक काळी. गाठी हव्यात कशाला?

तुम्ही आलात, बघितलंत आणि हात उचललात. "आता कशी लावू? सांग, कशी लावू?" माझं डोकं फिरलं. "रंग दिसत नाहीत का?" म्हणाले. तुम्ही इकडंतिकडं पाहिलंत. "नाही दिसत, बाय. तांबडं-हिरवं मला सारखंच. मुंबईत सिग्नलला वरचा दिवा की खालचा, ते बघून हाकतो. साहेबांना कळलं तर संपलं. आईलासुद्धा बोलू नकोस."

तीन वाजून गेले होते. वायरी सोडताना मी शेजारीच होते, कुठली कुठं ते आठवत होतं. तांबडी डावीकडं, हिरवी पेट्रोलच्या काट्याला, काळी खाली. दर वेळी तुम्ही विचारलंत, "नक्की?" शेवटी माझ्या शब्दावर बॅटरी जोडलीत. धूर निघाला नाही. पेट्रोलचा काटा वर चढला, आणि बदलापूरच्या रस्त्याला फेरी मारली तर वेगाचाही हलला. चाराला पाच कमी असताना तुम्ही साहेबांच्या दारात होतात.

पण अण्णा, मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. ती पुऱ्या लाटत होती. हातसुद्धा थांबला नाही तिचा. "मला लग्नापासून ठाऊक आहे. हिरव्या बांगड्या सांगितल्या तर तांबड्या घेऊन आले, वर विचारतात, हिरवा रंग शोभतो ना? शोभतो म्हटलं. त्यांना बोलू नकोस हो, लागेल मनाला." तुम्ही मात्र जन्मभर तिच्यापासून लपवत राहिलात. बाजारात टोमॅटो पिकलाय का, हे ती पुढं गेली की मला हळूच विचारायचात. एका वाक्यानं मी तुमची सुटका करू शकले असते. केली नाही. रंग तुम्ही फक्त मलाच विचारायचात, आणि मला ते फार आवडायचं.