अकरा गाठींचा दोरा

पालम, जिल्हा परभणी
१२ खुर्दाद १३५० फसली, चैत्र वद्य षष्ठी, गुरुवार

तीर्थरूप सौ. महादेवीअक्का हिच्या चरणी धाकट्या मल्लिकार्जुनाचा शरणार्थ.

येथे सर्व ठीक आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. खरे काय ते पुढे येईलच. उदगीरला तुम्हां सर्वांची प्रकृती कशी आहे? तुझ्या थोरल्या मुलाची परीक्षा झाली असेल. त्याला हिशेबात अडचण असेल तर सुट्टीत माझ्याकडे परभणीस पाठव. पंधरा दिवसांत त्याची भीती घालवून देईन. मी स्वतः गेल्या आठवड्यापासून रजेवर पालमला आलो आहे.

रजेचे कारण अप्पा. फाल्गुनात त्यांना ताप आला, तो उतरला. पण अंगातली शक्ती परत आली नाही. बाज आता मळ्यातल्या घराच्या पडवीतच टाकली आहे. तेथून समोर आपले कवठ दिसते. गेल्या सोमवारी पूजा आटोपल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितले की, आपली समाधी कवठाच्या जागीच व्हावी आणि त्यासाठी झाड आताच उतरवून, मुळे काढून, जमीन तयार करून ठेवावी. अप्पा स्वतःच्या मरणाचीसुद्धा पेरणीसारखी आगाऊ तयारी करतात, हे तुला सांगायला नको.

कवठ तुला आठवते ना? पिकलेले फळ ओळखण्याची युक्ती तूच मला शिकवलीस. फळ हातभर उंचीवरून जमिनीवर सोडायचे. उसळले तर कच्चे, धप्पकन बसले तर पिकलेले. आजही वर्गात कठीण आणि मऊ पदार्थांतला फरक शिकवताना मी टेबलावरून कवठ सोडतो. सरकारी उर्दूतून ऐकून पोरे दमली की तेवढ्या एका आवाजावर सगळी जागी होतात. खोडाचा डिंक खरवडून आपण शाईत घालायचो. छातीइतक्या उंचीवर, जुन्या वादळात फांदी मोडली होती तेथे, ढोली होती. तुझ्या फुटक्या बांगड्या, माझ्या गोट्या तिच्यातच असायच्या. ढोली आतून खोल होती. एकदा पितळी वाटी आत सरकली ती पुन्हा मिळालीच नाही, आणि आपण दोघांनी मार खाल्ला.

ती ढोली आता बाहेरून दिसत नाही. असे का होते, ते सांगतो. झाडाच्या सालीच्या आत आणि लाकडाच्या बाहेर नखाइतकाही जाड नसलेला एक जिवंत थर असतो. झाडाची सारी वाढ तेथेच. फांदी मोडली की जखमेच्या कडेने हा थर फुगतो, गोल वळतो आणि लुगड्याचा काठ दुमडावा तसा दरवर्षी थोडा थोडा आत सरकतो. शेवटी दोन्ही काठ एकमेकांना भेटतात आणि वरून एकसंध साल येते. यात एक बारकावा आहे, तो माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी चुकतो. झाड जखम भरून काढत नाही. ते तिला फक्त झाकते. आत जे असेल ते जसेच्या तसे राहते.

मंगळवारी लाकूडतोड्या सटवाजी झाड पाहायला आला. त्याच्या बापानेच आपल्या मळ्याची विहीर बांधताना लाकडे तोडली होती. त्याने कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्याने खोडावर खालून वर ठोकत नेले, छातीच्या उंचीवर थांबला, पुन्हा ठोकले आणि हसला.

"मास्तर, हे पोकळ हाय हितं. धन पुरलंय का काय म्हाताऱ्यानं? असंल तर आत्ताच सांगा, मंग मजुरी वाढवून घेतो."

पडवीतून अप्पाही हसले. मी हसू शकलो नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर जाऊन बसलो. सटवाजीने विचारले, ऊन लागले का. मी हो म्हणालो.

अक्का, आता ते लिहितो. वरच्या तीन परिच्छेदांत मी त्याच्याभोवती फिरत होतो, हे तुझ्या ध्यानात आले असेलच.

तुझ्या लग्नाची सुपारी फुटून महिना झाला होता. तू पंधराची, मी नऊचा. तू कवठे काढायला चढलीस. काट्यात अडकून तुझ्या गळ्यातला दोरा तुटला आणि लिंगाची चांदीची डबी खाली पडली. तू घरात गेलीस तेव्हा तुला ते कळले नव्हते. मला मात्र गवतात ती दिसली. दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावायचा नाही, हे त्याच वर्षी माझ्या दीक्षेत स्वामींनी मला शिकवले होते आणि मी ते पाठ केले होते. म्हणून मी दोन काटक्यांच्या चिमट्याने डबी उचलली आणि कुत्र्याने तोंड लावू नये म्हणून ढोलीच्या आतल्या कंगोऱ्यावर ठेवली. मग तुला सांगायला धावलो. तोवर अंगणात तुझा रिकामा गळा पाहून अप्पांचा आवाज चढला होता. इतका की मी परत फिरलो. डबी आणून तुळईवर ठेवू, ती आपोआप सापडेल, असा विचार केला. तेव्हाही हात लावायचा नाही, म्हणून काठीच घातली. काठीने ती आत ढकलली गेली. वाटीसारखाच आवाज आला.

हाताने काढली असती तर निघाली असती. शिकवलेले मी इतके चोख पाळले.

अव्वाने, आईच ती, सर्वांना विचारले, ढोलीत पाहिले का? मी म्हणालो, मी पाहिले, काही नाही.

पुढचे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. स्वामींनी तुला नवे लिंग दिले आणि सांगितले की आता दोष उरला नाही. अप्पांनीच ते मानले नाही. ठरलेले लग्न मनात नव्हते म्हणून पोरीने मुद्दाम लिंग टाकले, असे ते चार माणसांत बोलले. तेच सोयऱ्यांच्या कानी गेले आणि सुपारी परत आली. तुला उदगीरला बिजवराकडे दिले. दाजी भले माणूस निघाले, हे तुझे दैव. माझी त्यात काही पुण्याई नाही. बावीस वर्षांत अप्पांनी तुझ्या हातचे पाणी घेतले नाही. अव्वाच्या समाधीच्या दिवशी तू अंगणाच्या बाहेरच्या पायरीवर बसलीस आणि तेथूनच गेलीस.

अव्वाचेही सांगतो. शेवटच्या दुखण्यात तिने मला जवळ घेऊन विचारले होते, "मल्लू, तू त्या दिशी झाडाखाली हुतास ना?" मी नाही म्हणालो.

तुला वाटेल, पोर होते, भ्याले. पहिली दोन वर्षे तसे म्हणता येईल. पुढे नाही. दर दिवाळीला मी ढोलीच्या तोंडावर दोरा धरून रुंदी मोजायचो आणि तेथे गाठ मारायचो. पहिली गाठ वीतभर अंतरावर. आठव्या गाठीपर्यंत माझे मनगट आत जात होते. एक पटाशी आणि अर्धा दिवस, एवढेच काम होते. मी ते केले नाही. मी मोजत राहिलो. अकराव्या दिवाळीला औरंगाबादहून कॉलेजच्या सुट्टीत आलो तेव्हा काठ मिटले होते; अकरावी गाठ दोऱ्याच्या टोकावरच बसली. त्या दिवशी मला आनंद झाला, अक्का. हे वाक्य लिहिण्यासाठी मी काल संध्याकाळपासून बसलो आहे.

मंगळवारी एक वाट आणखी सुचली. गप्प राहायचे. सटवाजीने खोड फाडले की डबी सर्वांदेखत बाहेर पडेल. लोक चमत्कार म्हणतील, अप्पा हात जोडतील, तुला मानाने बोलावतील आणि माझे नाव कोठेच येणार नाही. सगळ्यांचे भले होत होते. पण मग प्रश्न उरला असता की देवाने तुझेच लिंग का लपवले, आणि त्याचे उत्तर पालममध्ये पुन्हा तुझ्याच अंगावर आले असते.

काल सकाळी अप्पांची पूजा झाल्यावर मी त्यांना सर्व सांगितले. क्रमाने, काही न वगळता. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. संपल्यावर दोरा मागितला. नजर मंद झाली आहे, म्हणून बोटांनी एकेक गाठ चाचपत शेवटपर्यंत गेले.

"अकरा," ते म्हणाले. "अकरा दिवाळ्या तू हे मोजीत बसलास?"

मी मान हलवली; मग त्यांना दिसत नाही हे आठवून हो म्हणालो.

"महादेवीला कळवलंस?"

"नाही अजून."

"मंग मला कामून सांगायलास आधी?"

  त्यांनी दोरा माझ्या हातात ठेवला, आणि भिंतीकडे वळून ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पोरानं डबी ढकलली. म्या पोर ढकलली." मग सटवाजीला निरोप देण्यास सांगितले. महादेवी आल्याबिगर झाडाला कुऱ्हाड लागणार न्हाई.

कालपासून त्यांनी उशाचा तांब्या पालथा घालून ठेवला आहे. कोणी भरायला गेले की हात आडवा करतात. ताक घेतात, पाणी घेत नाहीत. कारण सांगत नाहीत, आणि घरात कोणी विचारत नाही. आज दुसरा दिवस. चैत्रातले ऊन तुला ठाऊक आहे. हे तुझ्यावर दडपण आणण्यासाठी लिहीत नाही, असे लिहिणार होतो. पण ते आणखी एक खोटे झाले असते.

मात्र अडवणूक करण्याचा हक्क या घरात आता कोणालाच नाही, अप्पांनाही नाही. तू येणार असलीस तर सोमवारपासून रोज गंगाखेडच्या स्टेशनावर आपली बैलगाडी उभी असेल आणि गाडीवान मीच असेन. खोड फाडताना चार माणसे बोलावली आहेत. अप्पा तेव्हा ज्यांच्यासमोर बोलले त्यांतली दोघे हयात आहेत, तीही या चौघांत आहेत. त्यांच्यासमोर मी बोलेन. डबी आतून तूच हाताने काढ. नाही आलीस, तर झाड उभे राहील, अप्पांसाठी दुसरी जागा पाहू, आणि त्या चौघांसमोर मी तरीही बोलेन. ते तुझ्या येण्यावर अवलंबून ठेवलेले नाही.

क्षमा मागत नाही. ती मागितली की द्यायची की नाही हे ओझे पुन्हा तुझ्याच माथी येते.

सोबत दोरा ठेवला आहे. पहिल्या गाठीपासून मोजत ये. तिसऱ्या गाठीच्या दिवाळीला तू उदगीरहून मला नवा सदरा पाठवला होतास. तो घालून मी ती गाठ मारली होती.

तुझा भाऊ म्हणवून घेण्यापूर्वी तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
मल्लू