जामीनदाराच्या नाकावरचा चष्मा

मंगळवार, सायंकाळ. सातारा.

श्रीमत् सकलऋणालंकारमंडित, नोटीसकुलभूषण, लग्नपत्रिका-मुद्रणालयाधिपती आम्ही आज सांगलीस वकिलांच्या चरणी लीन झालो. कर्जफेडीची ऐपत उरली नाही, अशा नादारीच्या अर्जावर आणि मालमत्तेच्या यादीवर स्वाक्षरी केली. वकील म्हणाले, "तुम्ही सुटाल हो. जामीनदार मात्र सुटत नाही."

जामीनदार म्हणजे सर्जेराव. आमचा शाळासोबती, निवृत्त सुभेदार. कर्ज काढताना त्याने चष्मा न शोधताच सही ठोकली होती. "तू वाचलंयस न्हवं गड्या? मग झालं." वाचले होते का मी? सही कुठे करायची, एवढेच वाचले होते.

तसाच सांगलीतल्याच त्याच्या घरी गेलो आणि अर्जाची प्रत पुढे ठेवली. त्याने माझ्याच नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि स्वतःचे नाव असलेली ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

"म्हंजी आता माज्या घरावर येणार म्हण की."

एवढा मी शब्दप्रभू. नुसती मान हलवली.

"जेवून जा," तो म्हणाला. "लय वाळलास रं."

जेवलो. तेच अधिक लागले.

चष्मा त्याच्याच नाकावर राहिला, हे साताऱ्याच्या बसमध्ये ध्यानी आले. फोन करून मागावा, तर कोणत्या तोंडाने? तूर्त ओळी एकमेकींवर चढत आहेत, आणि नव्या चष्म्याचा खर्च नादाराने कोणत्या रकान्यात दाखवावा, हे वकिलांना विचारायचे राहूनच गेले.