बोअरजवळचा शोषखड्डा

आप्पा, तुमच्या बोअरचं पाणी मी पुण्याला तपासायला पाठवलं होतं. अहवाल आलाय. तुम्ही उसात मारायचात आणि आता आपला धाकटा, माझा भाऊ, मारतो, ते तणनाशक त्या पाण्यात आहे. मातीत अर्धवट मोडल्यावर त्याचं जे उरतं, तेही आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणजे हे सांगून उपयोग शून्य. पण वडवणीत एकटी बसून मी भिंतीला तरी किती ऐकवू?

तणनाशकाचा पहिला डबा तुम्ही आणलात तो रविवार मला लख्ख आठवतो. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आलेय, तुम्ही ओट्यावर डबा ठेवता आणि म्हणता, "ननांच्या शाळेत घातलं तुला, वाच की इंग्रजी!" मी सगळं वाचून दाखवते. विहिरीपासून, बोअरपासून लांब ठेवा, असं त्यावर छापलेलं आहे. शाळेत आमच्या सिस्टरनी बाटलीवरचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची शिस्त लावली होती. तुम्ही हसता. "लई भित्री हाय बाबा ही! दुकानदार म्हणला, मातीत पडलं की माती होतंय." ओट्याच्या पायरीशी खुरपं घेऊन बसलेली मावशी, आपल्या रानात उभा जन्म खुरपण्यात घालवलेली बाई, विचारते, "मग आमी काय करावं, मालक?" तुम्ही डबा उचलून रानाकडे चालू लागता.

माती होतंय म्हणे! माती ते मोडते, हे खरं आहे. पण मोडणारे असतात मातीतले जीवाणू, आणि त्यांना ओल लागते, हवा लागते, खायला शेणखत नाहीतर पालापाचोळा लागतो. हे सगळं असतं वरच्या हातभर थरात. तुम्ही पाचट पेटवून दिलंत, गुरं विकून शेणखत बंद केलंत, आणि अपेक्षा काय, तर उपाशी मातीनं तुमचं विष पचवावं! त्यात आपलं काळं रान. उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. पाऊस झाला की पाणी मातीत न रेंगाळता भेगांमधून सरळ मुरमात उतरतं. मुरमाखाली खडक. तिथं खत नाही, हवा नाही म्हणावी इतकी कमी. तिथं पोचलेलं औषध मोडायला कुणी नाही. ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

तुम्ही तर भेगांवरही अवलंबून राहिला नाहीत. बोअर आटला तेव्हा त्याच्याभोवती खड्डा खणलात, पाइपाला भोकं पाडून जाळी गुंडाळलीत, वर दगड आणि वाळू भरलीत, आणि अख्ख्या उसाचं वाहून येणारं पाणी चर काढून त्यात सोडलंत. म्हणजे मधली मातीच काढून टाकलीत. तिकडे आष्टीपासून माणसं तो खड्डा बघायला आली. पाणी वाढलं, हे नाकारत नाही. आणि हौद तिथंच म्हणून फवारणीचा पंपही तिथंच धुतला जायचा, खड्ड्याच्या कडेला. सगळेच तसं करतात. जिथं पाणी तिथं पंप धुवायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मग तुम्ही मला म्हणालात, "तायडे, शिकलीस ना? मग दे कागद लिहून, पाणी चांगलं हाय म्हणून." मी क्षार तपासले, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू तपासले. तणनाशक तपासायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. खाली लिहिलं, पिण्यास योग्य. तुम्ही त्या कागदाला चौकट करून मोटारीच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी लावलात.

आता धाकट्याला त्याच पाण्याची नळी वस्तीवर न्यायची आहे. चर खणून झाला. मी पुण्याचा अहवाल त्याच्यापुढे आपटला, तर म्हणतो कसा, "ताई, तुझाच कागद हाय की भिंतीवर!" मी तुम्हाला, त्याला, दुकानदाराला, सगळ्यांना एका दमात झोडपलं. कुणाचा आजार मी तुमच्या नावावर मांडत नाही, तेवढं ठरवण्याइतकं मला कळत नाही. पण ज्याची खात्री नाही, ते पाणी लोकांना पाजायचंही नसतं. शेवटी त्यानं नळीचं काम थांबवलं. तोंड फुगवून का होईना, थांबवलं.

मी निघाले तर मावशी हौदावर घागर भरत होती. वस्तीवरच्या बाया आजही तिथूनच नेतात. आता ती पार वाकलीय. मी तिला नको म्हणाले. ती म्हणाली, "कावून गं? तुझा कागद खोटा हाय का?"

"खोटा नाही, मावशी. जुना झाला."

"मंग झालं तर. तवा चांगलं व्हतं ना? पाणी का म्हातारं होतंय?" हसली, आणि घागर कमरेवर घेऊन गेली.

आप्पा, त्या कागदासाठी नमुना भरायला मी आले त्या सकाळी तुम्ही नुकताच पंप धुतला होता. पांढरा फेस दगडांमधून खाली उतरत होता. तुम्हाला दुकानदारानं सांगितलेलं खरं वाटत होतं. मला डब्यावरचं पाठ होतं. फेस पूर्ण जिरेपर्यंत मी थांबले, आणि मग बाटली भरली.