दोरीचे दुसरे टोक

अप्पा, एक कोडे तुमच्याही डोळ्यांसमोरून अनेकदा गेले असेल, फक्त तुम्ही ते कोडे म्हणून पाहिले नसेल. कुत्र्याच्या तोंडात दोरीचे एक टोक आणि माणसाच्या हातात दुसरे. कुत्रा पाय रोवतो, मान झटकतो, घशातून असा गुरगुरतो की बघणाऱ्याला वाटावे, आता हा दोरी सोडून हाताचाच लचका तोडणार. अशा वेळी माणसाने आपले टोक सोडून दिले तर काय होते? कुत्रा जिंकलेला असतो, दोरी सगळी त्याची झालेली असते, ती घेऊन त्याने खुशाल निघून जावे. पण तो थोडा पळतो, थबकतो, मागे वळतो आणि तीच दोरी आणून आपल्या मांडीवर आपटतो. दोरी हवी होती तर ती परत का दिली? आणि राग आला होता तर ज्याच्यावर राग, त्याच्याकडेच शेपूट हलवत कोण परत येते?

काल आमच्या कॉलनीतले शेजारी नवे पिल्लू काखेत घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, ओढाओढी खेळल्यानं कुत्रा बिघडतो म्हणे. खरं का?" मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवले. ज्याचे उत्तर हाताला लागलेले आहे असा प्रश्न कोणी विचारला की मला आवरत नाही. त्यांचा चहा निवून गेला तरी मी बोलतच होते. मध्येच माझ्या लक्षात आले, की मी त्यांना उत्तर देतच नव्हते. मी तुम्हाला देत होते. म्हणून आज हा कागद घेऊन बसले आहे.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षे. सेलूत आपले सरकी-पेंडीचे दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये फरशीचे अंगण. शाळेत मी उर्दूतून गणिते सोडवत असे आणि घरी येऊन मराठीतून बोलणी खात असे. तांबडा कुत्रा पिल्लू असतानाच आपल्याकडे आला, तो बोरीहून कापूस घेऊन आलेल्या एका बैलगाडीच्या सावलीत चालत. गाडी रिकामी होऊन परत गेली, हा मात्र पेंडीच्या पोत्यांमागे राहून गेला. पोत्यांना उंदीर फार, म्हणून तुम्ही त्याला हाकलले नाही. पण तो माझ्याबरोबर खेळू लागला आणि तुमच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या चिंधीला मी गाठी मारल्या होत्या. एक गाठ त्याच्या दातांत, एक माझ्या मुठीत, आणि अंगणभर आमची झटापट.

तुम्ही दुकानातल्या गादीवरून पाहता आहात. गिऱ्हाईक समोर उभे आहे, तरी तुमचे लक्ष इकडे. ते गेले, की तुम्ही दारात येता.

"बाई, गुरगुरायलंय ते. म्हंजी त्याच्या मनात इख हाय. ओढूओढू तू त्याला लांडगा करायलीस."

"अप्पा, शेपटी बघा की. लांडगा शेपटी हलवतो का?"

"लय शिकलीस. लांडगा कधी बघितलास तू?"

"तुमी बघितलाव का?"

आई आत हसू दाबते. तुम्ही दाबत नाही, कारण तुम्हाला हसू येतच नाही. जेवायला बसल्यावर तुम्ही निकाल सांगता: येत्या सोमवारी तांबडा जिनिंग कारखान्याच्या जमादाराकडे जाईल. फाटकापाशी साखळीला बांधला की समद्या खोडी जिरतील. त्या फाटकापाशी साखळीला बांधलेला आधीचा कुत्रा मी पाहिला होता. तो कोणाकडे बघतसुद्धा नसे. माझा घास हातातच राहिला.

तुमचा आक्षेप चुकीचा होता, पण मूर्खपणाचा नव्हता, हे आज पुरते समजते. गुरगुर ऐकू येते आणि शेपटी बघावी लागते. माणूस आधी ऐकतो. शिवाय ओढाओढीत दात आहेत, जोर आहे, ईर्ष्या आहे. हे सगळे मोकाट सोडले तर बिघाड होणारच. पण मी ते मोकाट सोडले नव्हते. "घे" म्हटल्याशिवाय त्याने चिंधीला तोंड लावायचे नाही. दात माझ्या कातडीला लागला की मी पाठ फिरवून उभी राहणार आणि खेळ तिथेच संपणार. पिल्लाची मान नाजूक म्हणून वर-खाली झटके द्यायचे नाहीत, चिंधी आडवीच हलवायची. त्याचे दुधाचे दात पडत होते तेव्हा तर मी खेळ बंदच ठेवला होता. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट "सोड"ची. सोड म्हणताना मी कधी हिसका दिला नाही. हिसका दिला की कुत्र्याला वाटते, वा, आता खरी रंगत आली. मी फक्त मूठ गुडघ्याला टेकवून गप्प राहत असे. चिंधी निर्जीव होई. निर्जीव चिंधी धरून ठेवण्यात काय मजा? तो वैतागून सोडी, आणि त्याने सोडल्याबरोबर मी म्हणे, "घे!" बघा, किती सुंदर युक्ती आहे! सोडल्याने खेळ संपत नाही, उलट पुन्हा सुरू होतो, हे त्याला उमगले आणि सोडणे हाच त्याच्या लेखी खेळाचा सर्वांत चांगला भाग झाला.

घरात एक वाईट खेळही चालू होता, फक्त त्याला कोणी खेळ म्हणत नव्हते. तांबडा वहाण उचली आणि आई, तुम्ही, दुकानातला हमाल, सगळे "धरा, धरा" करत त्याच्या मागे धावत. त्याच्या दृष्टीने ती जत्राच. वहाण उचलली की सगळे घर आपल्या मागे पळते, हा धडा तुम्ही सर्वांनी मिळून त्याला दिलात आणि दोष माझ्या चिंधीला लावलात.

मग तो सोमवार उजाडला. तुम्ही स्नान करून, कपाळाला भस्म लावून पूजेला बसला होता. इष्टलिंग गळ्यात बांधायचा शिवदोरा झिजला होता. दीक्षेच्या दिवसापासून जे देहावेगळे होऊ द्यायचे नाही ते इष्टलिंग तुम्ही त्याच्या चांदीच्या डबीसह पांढऱ्या वस्त्रात बांधून क्षणभर पाटावर ठेवलेत आणि शेजारीच नवा दोरा वळायला घेतलात. पांढरे कापड, वर मारलेली गाठ. तांबड्याने दारातून पाहिले आणि त्याला वाटायचे तेच वाटले.

तुम्ही ओरडलात, तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. मी अंगणात आले, तर तांबडा मध्यभागी गाठोडे दातांत धरून उभा, तुम्ही ओल्या धोतरानिशी त्याच्यावर झेपावता आहात, आई एका बाजूने, हमाल दुसऱ्या बाजूने हात पसरून. तांबड्याचे डोळे लकाकले होते. रस्त्याचे दार सताड उघडे होते. तो एकदा बाहेर पडला असता तर बाजार, रेल्वेचे रूळ, शेते, कुठे म्हणून शोधणार होतो? आणि अप्पा, ते हरवले असते तर तुम्ही अन्नाला शिवला नसता, हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होते.

"अप्पा, पळू नका! खाली बसा!"

मी ओरडले. या घरात तुम्हाला खाली बसा म्हणणारे तोवर कोणी जन्मले नव्हते. तुम्ही माझ्याकडे पाहिले. जगातली सर्वांत मोलाची वस्तू कुत्र्याच्या तोंडात असताना हात आवरून स्वस्थ बसणे किती कठीण, हे मला तेव्हा कळणे शक्य नव्हते. तुम्ही फरशीवर मांडी घातलीत. आई थांबली, हमाल थांबला. जत्रा मोडली.

मी गुडघ्यांवर बसले आणि रिकामा हात पुढे केला. तांबड्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. पळायचे कोणासाठी? कोणीच मागे येत नव्हते. मग तो दुडक्या चालीने आला आणि गाठोड्याची मोकळी कड माझ्या मुठीत खुपसून गुरगुरू लागला. मी ओढले नाही. मूठ गुडघ्याला टेकवली.

"सोड."

त्याने सोडले.

डबी तुमच्या ओंजळीत ठेवली. तुम्ही ती कपाळाला लावून डोळे मिटून घेतलेत. पण तांबडा माझ्यासमोर कान टवकारून उभाच होता. करार होता आमचा: त्याने सोडले, आता "घे" यायला हवे. माझ्याजवळ काही नव्हते. तुम्ही डोळे उघडलेत, त्याच्याकडे पाहिलेत, माझ्याकडे पाहिलेत.

"आता काय पाह्यजे त्याला?"

"त्याचा हक्क. सोडलं की परत द्यावं लागतं."

डबी डाव्या हाताने छातीशी धरून तुम्ही उजव्या हाताने खांद्यावरचा पंचा काढलात, त्याचे टोक पुढे केलेत आणि दुकानातल्या खणखणीत आवाजात म्हणालात, "घे!"

जमादार साखळी घेऊन आला तेव्हा हेच चालू होते. तो दारातच उभा राहिला. "क्या अप्पा, सुबू-सुबू कुत्ते से कुश्ती?"

"साखळी परत घेऊन जावा, जमादार. हितं शाळा भरलीय."

"कौन पढारा?"

तुम्ही पंच्याचे टोक जरा सैल सोडत तांबड्याकडे मान हलवलीत. आई म्हणाली, "आवं, काय करायलाव! भस्म पुसलं की समदं!" आणि मग, अप्पा, तुम्ही हसलात. मी जिंकले होते, तांबडा जिंकला होता, आणि हरलेला माणूस अंगणात सर्वांत मोठ्याने हसत होता.

मठातले स्वामी येऊन इष्टलिंगाची शुद्धी करून गेले. त्यानंतर तुम्ही मला समोर बसवून शांतपणे विचारलेत, "पण त्यानं उचललं ते तुझ्या चिंधीपायीच ना?" प्रश्न बिनतोड होता. मी हो म्हटले. उचलणे कुत्रा जन्मतः जाणतो, सोडणे मात्र त्याला खेळानेच शिकवले, हे खरे. तरीही खेळाची वस्तू घरातल्या कोणत्याही वस्तूसारखी दिसता कामा नये, हा नियम तुमच्या त्या प्रश्नातून निघाला. काल शेजाऱ्यांना मी तो सर्वांत आधी सांगितला. आणि तुम्ही? तुम्ही अंबाडीचा वाख घेऊन बसलात. शिवदोरा वळणाऱ्या त्याच बोटांनी जाड दोर वळलात, दोन्ही टोकांना गाठी मारल्यात आणि पेंडीच्या पोत्यावर ठेवून दिलात. तुमच्याकडून मला बांगड्या मिळाल्या, पुस्तके मिळाली, पण त्या दोराएवढे मोठे बक्षीस मला कोणी दिलेले नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी ते ठेवूनच दिले असते, कारण त्यात एक गोष्ट कबूल करावी लागते. "खाली बसा" म्हणताना माझ्या आवाजात जी खात्री तुम्हाला ऐकू आली, ती मला स्वतःला नव्हती. तांबडा माझ्याकडे परत येईल की उघड्या दारातून जाईल, हे मी त्याआधी कधी पडताळून पाहिलेच नव्हते. चिंधी मी नेहमी घट्ट धरत आले होते. आता मात्र मी प्रत्येक नव्या कुत्र्याबरोबर आधी तेच पडताळते, आणि शेजाऱ्यांनाही तेच करायला सांगितले आहे: खेळ ऐन रंगात असताना आपले टोक सोडून द्या, मागे धावू नका, हात रिकामा ठेवून उभे राहा. कुत्रा दोरी घेऊन कोपऱ्यात गेला, अंग ताठ करून तिच्यावर आडवा पडला, तर ओढाओढी थांबवा आणि आधी त्याला एक वस्तू सोडून दुसरी घेण्याची देवाणघेवाण शिकवा. पण तो वळला आणि दोरीचे दुसरे टोक तुमच्या हातात खुपसू लागला, तर निश्चिंत मनाने म्हणा, "घे!"