धनुष्याची सात पुस्तके आणि कांगासबाई

हेमलॉक क्रीक, मिशिगन
बुधवार, ८ ऑक्टोबर १९५८

तीर्थस्वरूप यालमारीमामा यांना भाचा तौनो याचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे, म्हणजे आई ठीक आहे, गाय ठीक आहे आणि मी जिवंत आहे. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? लेम्पीमामींचा खोकला कसा आहे? (मामींना सांगावे की मिठाच्या गरम पिशवीने छाती शेकण्याचा त्यांचा उपाय मी केला. मला खोकला नव्हता, पण होऊ नये म्हणून केला. पिशवी फाटली.) आईने तुम्हाला कळवलेच असेल की मी जेवत नाही, आणि लाकडाच्या गिरणीत कुणी मागून हाक मारली की हातातली फळी टाकून देतो. दोन्ही खरे आहे. कारण सविस्तर लिहितो.

ऑगस्टमध्ये वाचनालयाने आमच्या धनुर्धारी क्लबाकडे एक यादी मागितली. लाकडी धनुष्य नव्याने हाती घेणाऱ्याने आणि धनुष्याने शिकार शिकू पाहणाऱ्याने कोणती पुस्तके वाचावीत, अशी. क्लबात आम्ही अकरा जण. दहा जणांना शिकार येते आणि एकाला शुद्धलेखन. आमचा अध्यक्ष रेइनो (तोच, खाटीक, तुमच्या वेळी सडपातळ होता असे तो स्वतःच सांगतो) म्हणाला, "तौनो, तूच लिही बाबा. आमच्यातल्या कुणी लिहिलं तर वाचनालयाला वाटायचं, अस्वलाने अर्ज केलाय." बाबा गेल्यावर मी सातवीतून शाळा सोडली हे तुम्हाला ठाऊक आहे, पण शब्दकोश तेव्हापासून उशाशी असतो, आणि वाचनालयातली या विषयावरची सातच्या सात पुस्तके मी तीन-तीनदा वाचली आहेत. म्हणून यादी लिहिली. पहिले हिरव्या पुठ्ठ्याचे, त्यात धनुष्य तासण्यापासून सगळे आहे. दुसरे एका निवृत्त मेजरचे, ते इतके जाड आहे की त्यावर उभे राहून फडताळावरचे धनुष्य काढता येते. प्रत्येकाखाली मी टिपण जोडले. मेजरच्या पुस्तकाखाली लिहिले, "वाऱ्याविषयी यांचे म्हणणे आपल्या दलदलीत लागू पडत नाही." (हे मला चौथ्या पुस्तकात कळले होते.) आणि शेवटी लिहिले, "नवशिक्याने आधी हे वाचावे, मग जंगलात जावे. मीही तसेच केले."

मामा, हे शेवटचे वाक्य अर्धे खोटे आहे. वाचले मी. जंगलात गेलो नाही. गवताच्या भाऱ्यावर माझे बाण वीस पावलांवरून एका बशीत मावतील इतके जवळ लागतात, पण हरणावर मी आजवर दोरी ओढलेली नाही. दर ऑक्टोबरात माझी प्रकृती बिघडते. मला अस्वलाची भीती वाटते, वाट चुकण्याची वाटते, पायाखाली बर्फ नसेल तर तिथे काय असेल याची वाटते. पण खरी भीती वेगळी आहे. बाण भलत्या जागी लागला आणि ते जनावर पळून एखाद्या झुडपात पडून राहिले तर? सातही पुस्तकांत यावर एकेक प्रकरण आहे. बाकीची प्रकरणे मी तीनदा वाचली, हे एकदाच. हे सगळे क्लबात कळले तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि मला तर ऑक्टोबर ते एप्रिल तोंड दाखवायला या क्लबाशिवाय दुसरी जागाच नाही.

यादी वाचनालयाच्या दारावर लागली आणि ती कांगासबाईंनी वाचली. (सातवीच्या बाई. तुमच्या लग्नात पियानो वाजवला होता त्या. आता निवृत्त आहेत. त्यांचे यजमान ओन्नी दोन हिवाळ्यांपूर्वी गेले.) बाईंनी सातही पुस्तके एकोणीस दिवसांत संपवली आणि गिरणीच्या आवारात, सगळ्यांसमोर, हातात वही घेऊन आल्या. "तौनो लाहतेला, उभा राहा!" मी उभाच होतो. आणखी उभा राहिलो. त्यांचे एक्केचाळीस प्रश्न होते. हरणाला बाण लागल्यावर माग काढण्याआधी हिरवे पुस्तक अर्धा तास थांबायला सांगते, मेजर तीन तास, आणि पाचव्या पुस्तकातला माणूस म्हणतो की आधी जेवून घ्यावे. तर यातले खरे कोणते? मी म्हणालो, जेवायला किती वेळ लागतो त्यावर अवलंबून आहे. बाई म्हणाल्या, "हे पुस्तकातलं झालं. तू स्वतः काय पाहिलंस?" मामा, करवत चालू होती, मी "काही नाही" म्हणालो असतो तरी बाईंशिवाय कुणाला ऐकू गेले नसते. तरी मी म्हणालो, "पुष्कळ पाहिलंय बाई." त्यांनी वही मिटली. हंगाम उघडल्यावर पहिल्या शनिवारी ओन्नींचे धनुष्य घेऊन त्या माझ्याबरोबर यायचे ठरले. म्हणजे त्यांनी ठरवले.

पुढचे तीन आठवडे मी तयारी केली. होकायंत्रे दोन घेतली (एक खोटे बोलले तर). हिरवे पुस्तक सांगते की माणसाचा वास जाण्यासाठी कपड्यांना सीडरच्या लाकडाचा धूर द्यावा. मेजर सांगतो, कपडे दोन दिवस ओल्या पानांत पुरावेत. मी दोन्ही केले, आणि वर सीडरच्या फांद्या घेऊन ते कपडे घालूनच सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसलो. आईने मला घरात घेतले नाही. म्हणाली, "हरणाला तुझा वास येणार नाही हे खरं, पण त्याला वाटेल कुणीतरी जंगल शिजवतंय."

शनिवारी उजाडताना आम्ही दलदलीच्या काठी एका आडव्या पडलेल्या हेमलॉकच्या झाडामागे बसलो. बाई ओन्नींचा लाल-काळ्या चौकटींचा शर्ट घालून आल्या होत्या. तो त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता आणि बाह्या चार वेळा दुमडलेल्या होत्या. त्या परीक्षेला बसवल्यासारख्या ताठ. मी पुस्तकातल्याप्रमाणे धागा टांगून वारा पाहिला, पाच मिनिटांनी पुन्हा पाहिला, आणि देवाची प्रार्थना केली की आज या बाजूला एकही हरीण पाठवू नये. देवाने अर्ध्या तासात पाठवले. नर होता, सहा फाट्यांची शिंगे, बारा पावलांवर. शिक्षक म्हणून पहिला बाण माझा. मी धनुष्य उचलले, आणि मामा, माझा हात असा कापायला लागला की बाण धनुष्याच्या लाकडावर टकटक वाजू लागला, दारावर कुणी पाहुणा आल्यासारखा. हरणाने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिले. मला वाटते, ते "आत या" म्हणणारच होते. माझ्याने दोरी ओढवली नाही. तेवढ्यात शेजारी सूं असा आवाज झाला. बाईंनी बाण सोडला होता. तो हरणाच्या पाठीवरून जाऊन सीडरमध्ये रुतला. हरीण गेले. मी खिशातून घड्याळ काढले आणि कुजबुजलो, "आता अर्धा तास थांबायचं."

"तौनो," बाई म्हणाल्या, "बाण झाडाला लागलाय. झाड कुठे पळून जाणार आहे का?"

पण खरी भीती पुढेच होती. क्लबाच्या केबिनमधला रिवाज तुम्ही विसरला नसाल: ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी (खालचा लोंबता काठ) कापायची आणि नाव, तारीख, अंतर लिहून भिंतीला ठोकायची. राजा असो वा रंक, सुटका नाही. गेली तीन वर्षे कात्री आणि शाई माझ्याकडे आहे, कारण माझी रेघ सरळ येते. आम्ही आत शिरलो तर रेइनो चुलीपाशी कॉफी ओतत होता. "काय गुरुजी, कोण चुकलं?" त्याने विचारले. बाईंचा हात शर्टाच्या मागच्या काठाकडे गेला. मी तो पाहिला. मेलेल्या नवऱ्याचा शर्ट, आणि कापायचा मी, ज्याला सातवीत त्यांचा एक खडू तोडला म्हणून तीन रात्री झोप लागली नव्हती. माझ्या तोंडातून निघून गेले, "मी चुकलो."

केबिनमध्ये असा आनंद झाला की काय सांगू. "किती पावलांवर रे?" मी खरे अंतर सांगितले. (खोटे एका वेळी एकच बोलावे.) "बारा!" रेइनोने कॉफी सांडली. "अरे, बारा पावलांवरून माझ्या सासूने थुंकून हरीण पाडलं असतं!" माझा नवा शर्ट मीच कापला, नाव मीच लिहिले.  बाई फक्त माझ्याकडे पाहत होत्या, आणि ती नजर मला सातवीपासून ओळखीची आहे. सोमवारी त्यांची चिठ्ठी आली: "शनिवारी सात वाजता. पुस्तके आणू नयेत." तेव्हापासून मी जेवत नाही.

मामींना नमस्कार सांगावा. थंडी वाढते आहे, गुडघा जपावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
तौनो लाहतेला

ता. क. खरे म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहिले: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक तार करावी. मजकूर असा: "छप्पर गळते आहे तौनोला ताबडतोब पाठवा." तुमचे छप्पर गळत नसल्यास कृपया तसे तारेत लिहू नये.

ता. क. २. तार करू नये. पाकीट पुन्हा उघडून लिहितो आहे. पाच वाजता बाई स्वतः घरी आल्या. आईने कॉफी आणि वेलचीचा गोड निसूपाव पुढे ठेवला, तो बाईंनी शांतपणे संपवला आणि मग विचारले, "तौनो, तू आजवर किती हरणं मारलीस?" मी म्हणालो, एकही नाही. "यादी वाचली तेव्हाच शंका आली होती," त्या म्हणाल्या. "सात टिपणं, आणि पाय गारठतात हे एकात नाही. ओन्नी घरी आला की पहिलं तेच सांगायचा." मग मला कोट घालायला लावून केबिनवर घेऊन गेल्या. चुलीमागच्या भिंतीवरचे जुने तुकडे धुराने काळे झाले आहेत, ते मी कधी वाचले नव्हते. बाईंनी दिवा वर धरला. तिथे ओन्नी कांगास नावाच्या नऊ शेपट्या आहेत. नऊ! "मला दहावी तिथं लावायची होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्याचा शर्ट घालून आले. मी काठ बाहेर ओढत होते, आणि तू मध्येच बोललास."

मामा, मग मला रेइनोला सगळे सांगावे लागले. सगळे म्हणजे दोरी ओढली नाही हे, आणि आधीच्या तीन वर्षांचेही. मला वाटले होते जमीन दुभंगेल. रेइनो म्हणाला, "अरे, आम्हाला माहीत नाही का? तीन ऑक्टोबरात तू एकच दाढ तीनदा काढलीस!" माझी शेपटी त्याने भिंतीवरून उपटून माझ्या हातात दिली. नियम असा की चुकायला आधी बाण सुटावा लागतो. न चुकताच भिंतीवर बसणे ही फसवणूक आहे. बाईंची शेपटी बाईंनीच कापली, कारण माझा हात चालेना. रेघ फार वाकडी आली. नाव मी लिहिले, आणि बाईंनी ती स्वतः ओन्नींच्या नऊ शेपट्यांशेजारी ठोकली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "बिचारा इतकी वर्षं एकटाच चुकत होता."

शनिवारी मी जातो आहे. पुस्तके नेणार नाही, होकायंत्रे मात्र दोन्ही खिशात घातली आहेत.

ता. क. ३. त्याच दिव्यात, खिडकीच्या बाजूला, यालमारी हेइक्किला या नावाच्या चार शेपट्या सापडल्या. आई लहानपणापासून मला सांगत आली आहे की तुमचा बाण कधी फुकट गेला नाही. तीन तुकड्यांवरचे अंतर वाचता येते (पंचवीस, अठरा, अठरा). चौथ्यावरचे पुसले आहे, ते चार पावले असावे असे रेइनो म्हणतो, पण तो हसत म्हणतो म्हणून माझा विश्वास बसत नाही. नक्की आकडा कृपया उलट टपाली कळवावा. मला तो शाईने पुन्हा लिहायचा आहे. आईला काही बोललो नाही.